तीन जागा आणि चौथा धांवणारा

आपल्या शाळेच्या वार्षिक खेळांच्या दिवसांत शिक्षकांवर एक अवघड प्रसंग दरवर्षीं येतो. आंतरशालेय सामन्यांसाठीं चौघांचा संघ पाठवावयाचा असतो, आणि चांगले धांवणारे मात्र पांच असतात. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक पांचवा मुलगा मागें राहिला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील मला भेटावयास आले. ते रागावलेले नव्हते. त्यांनीं शांतपणें एवढेंच विचारलें, "सर, माझ्या मुलाला कोणत्या नियमानें वगळलें तें सांगाल काय?" मी म्हणालों, "आम्हां शिक्षकांना तसें योग्य वाटलें." माझें उत्तर खरें होतें, परंतु तें पुरेसें नव्हतें, हें त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलें. तेव्हांपासून मोठमोठीं राष्ट्रें आपले धांवणारे कसे निवडतात, हें पाहण्याची मला गोडी लागली. त्यांतही मॅरॅथॉन शर्यतीची निवड फार उद्बोधक आहे. तिच्याविषयीं येथें थोडें लिहीत आहें.

मॅरॅथॉन शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजे सुमारें सव्वासव्वीस मैल लांबीची असते. ग्रीस देशांतील मॅरॅथॉनच्या रणभूमीपासून अथेन्सपर्यंत विजयवार्ता घेऊन धांवलेल्या दूताच्या कथेवरून तिला हें नांव मिळालें, आणि १८९६ सालच्या अथेन्स येथील पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत ती प्रथम धांवली गेली. आज ऑलिंपिकमध्यें एका देशाला पुरुषांच्या शर्यतींत जास्तींत जास्त तीन व स्त्रियांच्या शर्यतींत जास्तींत जास्त तीन धांवणारे पाठवितां येतात. ज्या देशांत चांगले धांवणारे विपुल आहेत, तेथें चौथ्याचें काय करावें, हाच खरा प्रश्न होऊन बसतो.

हा प्रश्न शंभर मीटरच्या धांवेंतही येतो. पण तेथें तो सोपा आहे. त्या धांवेची परीक्षा पुन्हां पुन्हां घेतां येते. मॅरॅथॉनचें तसें नाहीं. ही शर्यत शरीराला इतकी झिजविते कीं, उत्तम धांवणाराही ती वर्षांतून दोन, फार तर तीन वेळां पूर्ण शक्तीनिशीं धांवूं शकतो. शिवाय एका गांवचा रस्ता सपाट तर दुसऱ्याचा चढउताराचा. एका दिवशीं थंडी तर दुसऱ्या दिवशीं ऊन व वारा. म्हणून एकानें एके ठिकाणीं घेतलेली वेळ दुसऱ्यानें दुसरीकडे घेतलेल्या वेळेशीं ताडून पाहणें म्हणजे दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एकाच यादींत मांडण्यासारखें आहे.

प्रथम आपल्या घरची गोष्ट सांगतों. १९२० सालीं बेल्जम देशांतील अँटवर्प येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानांतून एक लहानसा संघ गेला. सर दोराबजी टाटा यांचा त्यांत पुढाकार होता, आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांतून त्या संघाची निवड झाली. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे तेथें मॅरॅथॉन धांवले व एकोणिसावे आले. आरंभाच्या अशा काळीं कोणाला पाठवावें यापेक्षां कोणाला तरी पाठवितां येईल काय, हीच चिंता मोठी असते. धांवणारे वाढले, कीर्ति वाढली, म्हणजे मग निवडीचें संकट उभें राहतें. तें कसें सोडवावें याच्या दोन पद्धति प्रचारांत आहेत.

पहिली पद्धति अमेरिकेची. १९६८ पासून पुरुषांसाठीं, आणि ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरॅथॉन १९८४ सालीं सुरू झाली तेव्हांपासून स्त्रियांसाठींही, तेथें एकच निवड-शर्यत ठेवितात. ठरलेल्या किमान वेळेची अट पुरी करणाऱ्यांपैकीं त्या दिवशीं जे पहिले तीन येतील, ते संघांत, बाकीचे घरीं. पूर्वकीर्ति विचारावयाची नाहीं, कीं वय पाहावयाचें नाहीं. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं अटलांटा शहरीं झालेल्या निवड-शर्यतींत मॉली सायडेल ही तरुणी स्त्रियांत दुसरी आली. आश्चर्य हें कीं, ती तिच्या आयुष्यांतील पहिलीच मॅरॅथॉन होती! एखाद्या समितीनें कागदपत्रें पाहून निवड केली असती, तर जिनें ही शर्यत कधीं धांवलीच नाहीं तिला कोणीं घेतलें असतें? पुढें ऑलिंपिकमध्यें हीच मुलगी तिसरी आली व तिनें कांस्यपदक मिळविलें. अटलांटा येथें पुरुषांत तिसरे आलेले अब्दी अब्दिरहमान हे त्रेचाळीस वर्षांचे होते. माझ्या वयाच्या वाचकांना यांतून थोडा धीर येईल, अशी आशा आहे.

परंतु या पद्धतीची दुसरी बाजूही त्याच दिवशीं दिसली. अब्दिरहमान यांच्या मागून लिओनार्ड कोरिर अवघ्या तीन सेकंदांनीं आले, आणि चौथे ठरले. सव्वासव्वीस मैल धांवल्यानंतर तीन सेकंद म्हणजे किती? बुटाची नाडी बांधण्यासही तेवढा वेळ पुरत नाहीं. ज्याला त्याच दिवशीं ताप आला, ज्याच्या पायांत वांब आला, त्याची वर्षांची तपश्चर्या तेथेंच संपते. नियम स्पष्ट आहे. पण त्याला डोळे नाहींत.

दुसरी पद्धति समितीची. तिला डोळे असतात; म्हणूनच तिच्यावर पक्षपाताचा आरोपही येतो. जपानांत मॅरॅथॉन ही लोकांची फार आवडती शर्यत आहे, आणि तेथें अनेक वर्षें निरनिराळ्या शर्यतींचे निकाल पाहून समिति निवड करीत असे. १९९२ सालच्या बार्सेलोना ऑलिंपिकसाठीं स्त्रियांच्या शेवटच्या जागेवर दोघींचा हक्क सांगितला जात होता. युको आरिमोरी ही १९९१ च्या ऑगस्टमध्यें टोकियो येथील जागतिक स्पर्धेंत, कडक उन्हांत, २ तास ३१ मिनिटें ८ सेकंदांत चौथी आली होती. आकेमी मात्सुनो ही १९९२ च्या जानेवारींत ओसाका येथें, थंडीच्या दिवसांत, २ तास २७ मिनिटें २ सेकंदांत दुसरी आली होती. घड्याळ पाहिलें तर मात्सुनो चार मिनिटांनीं पुढें. ऊन आणि जागतिक स्पर्धेची चुरस पाहिली तर आरिमोरीचें पारडें जड. मात्सुनोनें पत्रकारांसमोर येऊन, आपली निवड व्हावी, अशी उघड विनंती केली. समितीनें आरिमोरीला निवडलें. बार्सेलोनाच्या उन्हांत तिनें रौप्यपदक जिंकलें. पहिल्या आलेल्या धांवपटूहून ती केवळ आठ सेकंद मागें होती.

लोक म्हणाले, समितीचा निर्णय खरा ठरला. पण येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. आरिमोरी उत्तम धांवली, एवढेंच सिद्ध झालें. मात्सुनो कशी धांवली असती, हें कोणालाच कधीं कळणार नाहीं. फळ गोड लागलें म्हणून निवडण्याची रीत न्याय्य होती, असें होत नाहीं. आणि फळ कडू लागलें असतें म्हणून ती अन्याय्यही ठरली नसती. २००४ सालीं हाच वाद पुन्हां पेटला. २००० सालीं सिडनी येथें सुवर्णपदक जिंकलेली, सर्व राष्ट्राची लाडकी नाओको ताकाहाशी हिला समितीनें अथेन्सच्या संघांतून वगळलें, कारण आदल्या वर्षींच्या नोव्हेंबरांत टोकियो येथील शर्यतींत ती शेवटीं थकून दुसरी आली होती. लोकांना फार हळहळ वाटली. अथेन्सला मात्र निवडलेल्या तिघींपैकीं मिझुकी नोगुची हिनें सुवर्णपदक मिळविलें, आणि दुसऱ्या दोघी पांचवी व सातवी आल्या. पदकानें लोकांची कुरकुर थांबली. परंतु मूळ प्रश्न उभाच राहिला.

शेवटीं जपाननें दोन्ही पद्धतींचा मेळ घातला. आधीं ठरविलेल्या शर्यतींत चांगली कामगिरी करणाऱ्यांनाच प्रवेश देऊन १५ सप्टेंबर २०१९ रोजीं टोकियो येथें एक मोठी निवड-शर्यत घेतली. पहिल्या दोघांची जागा त्याच दिवशीं निश्चित झाली. तिसरी जागा राखून ठेविली: पुढील ठराविक शर्यतींत जो कोणी पुरुष २ तास ५ मिनिटें ४९ सेकंद, किंवा जी कोणी स्त्री २ तास २२ मिनिटें २२ सेकंद, ही वेळ गांठील, आणि अशांत जो सर्वांत वेगवान ठरेल, त्याला ती मिळावी, कोणीच गांठली नाहीं तर निवड-शर्यतींत राहिलेल्यांपैकीं ठराविक क्रमानें ती द्यावी. म्हणजे एका दिवसाचें धैर्यही मोजलें गेलें, आणि त्या दिवशीं दुर्दैवी ठरलेल्यालाही एक दार उघडें राहिलें. मुख्य म्हणजे हें सर्व आधीं जाहीर होतें.

तरीही मनुष्याच्या योजनेला सर्व कांहीं दिसत नाहीं. ऑलिंपिकच्या नियोजित मार्गाशीं जुळणारा रस्ता मुद्दाम निवडून ही परीक्षा घेतली होती. पण पुढच्याच महिन्यांत उष्णतेच्या भयानें ऑलिंपिकची मॅरॅथॉन टोकियोहून दूर उत्तरेस सापोरो शहरीं हलविण्याचें ठरलें. नंतर जगभर साथ आली व सामनेच २०२१ सालीं झाले. आणि काय झालें पाहा: पुरुषांत तिसऱ्या जागेवरून गेलेला सुगुरु ओसाको सहावा आला, स्त्रियांत त्याच दारानें आंत आलेली माओ इचियामा आठवी आली, आपापल्या संघांत तींच दोघें सर्वांच्या पुढें होतीं.

या सर्व कथेंत मला सर्वांत जास्त आठवते ती रेइ ओहारा. २०१६ सालीं नागोया येथें ऑलिंपिकच्या जागेसाठीं ती तोमोमी तानाकाशीं अखेरपर्यंत झुंजली. तानाका २ तास २३ मिनिटें १९ सेकंदांत आली. ओहारा २० व्या सेकंदाला. एका सेकंदानें जागा गेली. तिनें धांवणें सोडलें नाहीं. २०१९ च्या निवड-शर्यतींत ती पुन्हां उभी राहिली, आणि दुसऱ्या आलेल्या आयुको सुझुकीच्या मागें चार सेकंदांनीं तिसरी आली. पुढें इतरांनीं ठरलेल्या वेळेहून कमी वेळांत शर्यत पुरी केली, आणि ती जागाही तिला मिळाली नाहीं. दोन वेळां मिळून पांच सेकंद! परंतु दोन्ही वेळां, आपण कां राहिलों, हें तिला व सर्व जगाला ठाऊक होतें. दुःख झालेंच असेल. पण कोणाच्या मर्जीमुळें आपण मागें पडलों, हा सल तिच्या मनांत राहण्याचें कारण नव्हतें. चांगल्या नियमाचें काम हेंच आहे. तो दुःख नाहींसें करूं शकत नाहीं. तो दुःखांतील अपमान तेवढा काढून टाकतो.

प्रेषित पौलानें करिंथकरांना लिहितांना श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. करिंथ शहराजवळ मोठे सामने भरत असत, त्यामुळें वाचणाऱ्यांना ती उपमा तात्काळ कळली असेल. देवाच्या राज्यांत जागा तीनच नाहींत, ही आपली आशा आहे. परंतु पृथ्वीवरील संघांत जागा मोजक्याच असतात, आणि शिष्यवृत्ति, नोकरी, पुढील शिक्षण यांच्या वाटेवरही, बालमित्रहो, तुम्हांला असे प्रसंग येतील. कधीं तुम्ही निवडणारे असाल, कधीं राहिलेले. निवडणारे असाल तर नियम आधीं सांगा, आणि सांगितलेला नियम मध्येंच बदलूं नका. राहिलेले असाल तर निकाल नीट वाचा, पुढच्याचें अभिनंदन करा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां मैदानावर या.

पालकांस एक सांगावयाचें राहिलें. आतां आमच्या शाळेंत संघाची निवड ज्या धांवेवरून व्हावयाची, तिची तारीख, अंतर व अटी एक महिना आधीं फलकावर लागतात, आणि त्या दिवशीं आजारी असलेल्या मुलाला एकदां पुन्हां संधि मिळते. पांचवा मुलगा आजही असतो. मात्र त्याचे वडील विचारावयास आले, तर मी त्यांना फलकापाशीं नेऊन नियम व निकाल दोन्ही दाखवूं शकतों.