रात्रपाळीच्या घरातले व्यायाम

चिखलीतली एक आई दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आली. बाळ अजून आधाराशिवाय उभं राहत नव्हतं. दिवसातून तीनदा अर्धा तास व्यायाम, असं मीच लिहून दिलं होतं. "डॉक्टर, ह्यांची रात्रपाळी. दिवसा झोपतात, खोली एकच. बाळ रडलं की जागे होतात." हे मी विचारलंच नव्हतं.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते. उशिरा वाढणारी मुलं सापडतात. पुढचा आराखडा मात्र आम्ही आमच्या टेबलावर ठरवतो.

या वेळी तो आईसोबत बसून लिहिला. आंघोळ, भरवणं यांतच व्यायाम. कपडे घालताना बाळाला मांडीशी धरून उभं करायचं. सुट्टीच्या दिवशी ही पाळी वडिलांची.