पाटणचं देऊळ आणि तारखांचा घोळ

चाळीसगावजवळ पाटणला महादेवाचं जुनं देऊळ आहे. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "हेमाडपंती आहे." चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं म्हणजे हेमाडपंती, एवढ्या अर्थानं ठीक. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि या देवळातला शिलालेख शके 1075 चा, म्हणजे इ.स. 1153 च्या आसपासचा. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजानं काम सुरू केलं, ते त्याच्या मागे पुरं झालं. म्हणजे हेमाद्रीच्या शंभरेक वर्षं आधी! प्रबंधात 'हेमाडपंती' लिहाल तेव्हा ते शैलीचं नाव आहे, काळाचा पुरावा नव्हे, हे आधी स्पष्ट करा.

दुसरा लेख भवानीच्या देवळातला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला निकुंभ सोईदेवानं दान दिलं. शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे. यावरून देऊळ त्याच साली बांधलं म्हणायचं का? नाही. लेख मठाबद्दल बोलतो, भिंतींबद्दल नाही.

आता गंमत बघा. लेखात शक 1128. त्यात 78 मिळवले की 1206 येतं, पण अभ्यासक 1207 लिहितात. कारण लेखात प्रभव संवत्सर आणि ग्रहणही दिलंय, आणि ते 1207 च्या ऑगस्टमधल्या चंद्रग्रहणाशी जुळतं. म्हणून नुसता आकडा टिपून घरी येऊ नका, संवत्सर, तिथी, वार, ग्रहण, जे दिसेल ते सगळं वहीत उतरवा.