घर बांधायचंय? आधी पैशांचं वेळापत्रक मांडा

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ज्यांनी घर बांधलंय त्यांना विचारा, सगळ्यात जास्त झोप कशानं उडाली? 'पैसे कमी पडले' असंच उत्तर येईल. पण मैत्रिणींनो, जरा खोदून विचारलंत तर बरेचदा निराळंच कळतं. पैसे होते, पण ज्या दिवशी हवे होते त्या दिवशी हातात नव्हते! बँकेचा हप्ता अडकला होता, धानाचे चुकारे यायचे होते, यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीचा अर्ज कार्यालयात पडून होता. आणि इकडे मिस्त्री दारात उभा.

घराचा नकाशा, देवघराची दिशा, ओट्याची उंची यावर आपण महिनोन् महिने बोलतो. कोणत्या महिन्यात किती पैसे लागतील आणि त्या महिन्यात ते कुठून येतील, यावर मात्र एक संध्याकाळही बसत नाही. खरं तर हे काम घरातली बाई सर्वांत चांगलं करू शकते. पगार एक तारखेला, दूधवाला दहाला, मुलांची फी जूनमध्ये, हे गणित ती वर्षानुवर्षं सांभाळतच असते. घर बांधणं म्हणजे तेच गणित, फक्त आकडे मोठे.

बेरीज जुळते, तारखा जुळत नाहीत

उदाहरणासाठी आपण सौंदडला जाऊ. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवरही. अशा गावात एकाच घरात नोकरीचा पगार असतो, थोडी धानाची शेती असते आणि बाईची भिशी किंवा बचत गटही असतो. पैसा येतो चार वाटांनी, आणि चारही वाटांचा वेग निराळा.

समजा, इथल्या एका कुटुंबानं साडेसहाशे चौरस फुटांचं घर बांधायचं ठरवलं. अंदाज निघाला १२ लाखांचा. (आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला.) शिल्लक ३ लाख, बँकेचं कर्ज साडेसहा लाख, धानाचे पावणेदोन लाख आणि मेमध्ये मुदत भरणारी ७५ हजारांची ठेव. बेरीज बरोबर १२ लाख! घरात पेढे वाटायला हरकत नाही, असंच वाटेल.

आता तारखा मांडून पाहा. डिसेंबरात पाया खोदून जोत्यापर्यंत काम आलं, त्याला २ लाख २० हजार लागले. शिल्लक उरली ८० हजार. जोतं पाहून बँकेनं कर्जाचा पहिला हप्ता दिला, १ लाख ३० हजार. भिंती लिंटलपर्यंत न्यायला लागले २ लाख ३० हजार. म्हणजे इथेच २० हजारांची ओढ. ती कशीबशी भागवली. बँकेचा दुसरा हप्ता आला १ लाख ९५ हजारांचा. वीस हजार फेडून हातात राहिले १ लाख ७५ हजार. मार्चमध्ये स्लॅब. त्याला हवेत २ लाख ७० हजार. धानाचे चुकारे जानेवारीत येतील असं धरलं होतं, ते अजून आलेले नाहीत. म्हणजे एकूण बेरीज जुळत असूनही स्लॅबच्या दिवशी ९५ हजार कमी!

हे कुटुंब उधळं नाही, अंदाजही चुकलेला नाही. चूक फक्त एवढीच, की 'येणार' असलेला पैसा 'आला' असं धरलं. आधारभूत केंद्रावर धान दिला की भाव ठरलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात तो साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये होता. पण भाव ठरला म्हणजे चुकाऱ्याची तारीख ठरली असं नव्हे. म्हणून वहीत धानाचा पैसा तुम्हाला वाटतो त्याच्या दोन महिने पुढे लिहावा. लवकर आला तर आनंदच आहे!

कुठे थांबता येतं, कुठे नाही

घराचं काम मध्येच थांबवावं लागलं तर आभाळ कोसळत नाही. मात्र कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं हवं. जोतं पूर्ण झालं की थांबता येतं. उलट आतली भर एक पावसाळा खाऊन चांगली बसते. स्लॅब पडून भिजवण झाली की थांबता येतं. गिलावा, फरशी, रंग, पक्की दारं ही कामं पुढच्या वर्षावर ढकलली तरी भिंतींना त्याचं काही वाटत नाही. एक खोली आणि स्वयंपाकघर लावून राहायला जाणारी कितीतरी कुटुंबं आहेत, त्यात कमीपणा कसला?

थांबू नये ते सेंट्रिंग लागल्यावर. फळ्या-टेक्यांचं भाडं चढत राहतं, बांधलेला लोहा गंजू लागतो, आणि स्लॅब तर अर्धी आज, अर्धी आठवड्यानं अशी घालता येत नाही. सहाशे चौरस फुटांच्या स्लॅबला साठ-सत्तर पोती सिमेंट, रेती, गिट्टी, मिक्सर आणि मजुरांची फळी एकाच दिवशी उभी करावी लागते. म्हणून नियम असा ठेवा: स्लॅबचा पूर्ण पैसा खात्यात दिसल्याशिवाय सेंट्रिंगवाल्याला बोलवायचं नाही. भाडं वाचवायला टेके लवकर काढा, असं कुणी सुचवलं तरी ऐकू नका. लहान खोलीला निदान सात दिवस, साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याला चौदा, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर त्याहूनही जास्त. नेमके दिवस इंजिनियरला विचारूनच ठरवा.

सौंदडच्या कुटुंबापुढे मग वाट काय? स्लॅब मार्चऐवजी एप्रिलमध्ये घेणं. पण फार लांबवणंही परवडत नाही. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो, मजूर जंगलात जातात. जूनमध्ये पाऊस लागतो आणि जुलै-ऑगस्टात रोवणी. तेव्हा मजूर तर मिळत नाहीतच, शिवाय घरचाच पैसा बांधीत जातो. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, त्यामुळे रेतीचा भावही चढतो. म्हणून घराचं वेळापत्रक मांडताना पिकाचं वेळापत्रक शेजारी ठेवावं. आणखी एक साधी युक्ती आहे. ठेवीची मुदत घर सुरू करण्याआधीच अशी ठरवा, की ती स्लॅबच्या महिन्यात भरेल. हेच ७५ हजार मेऐवजी मार्चमध्ये आले असते, तर तूट उरली असती फक्त वीस हजारांची.

उधारीचा खरा भाव

पैसे अडले की पहिली आठवण होते सावकाराची, दुसरी बाईच्या दागिन्यांची. 'शेकडा तीन' ऐकायला किती थोडं वाटतं! पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला शेकडा छत्तीस. ९५ हजार तीन महिने वापरले तर व्याजच साडेआठ हजारांच्या वर जातं. तेवढ्यात एखाद्या खोलीची फरशी होते. परवान्याशिवाय सावकारी करणं हा आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा कोऱ्या कागदावर सही आणि शेतीचं खरेदीखत 'तारण' म्हणून, या दोन गोष्टींना कधीही होकार देऊ नका. घर बांधायला निघालेलं कुटुंब शेत गमावून बसलं, तर त्या घराचं सुख काय?

दागिने ठेवायचेच झाले तर बँकेत ठेवा, पावती स्वतःजवळ ठेवा आणि सोडवायचा महिना वहीत लिहा. ज्या पैशातून ते सोडवायचे त्यापुढेही तशी खूण करा. 'पुढे पाहू' म्हणून ठेवलेलं मंगळसूत्र परत गळ्यात यायला फार दिवस लागतात.

सिमेंट-लोह्याच्या दुकानातली उधारीसुद्धा फुकट नसते. दुकानदाराला दोन भाव विचारा, रोखीचा आणि उधारीचा. फरक लगेच कळेल. स्वस्त मिळतंय म्हणून सगळं सिमेंट एकदम भरणंही बरं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला हे खरं. पण तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटते. पैसाही अडकतो आणि मालही बिघडतो.

थांबलेल्या कामाची किंमत

काम रखडलं की खर्च रखडत नाही, तो वाढतो. याचं मोठं उदाहरण शेजारच्याच भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ वैनगंगेवर उभं आहे. गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी रुपये. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढे पुनर्वसन, भूसंपादन, निधी, कामातल्या गैरप्रकारांची चौकशी असं एकेक लांबत गेलं. त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला, आणि खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. धरणाची आणि आपल्या घराची बरोबरी नाही. पण एक धडा दोघांनाही लागू आहे. लांबलेलं काम जुन्या भावात होत नाही.

बँक, घरकुल आणि बिल्डर

बँकेचा पैसा कामाच्या मागून येतो. मजुरी मात्र कामाबरोबर द्यावी लागते. ही मधली फट तुमच्या शिलकीनं भरायची असते. म्हणून सुरुवातीला शिल्लक गेटवर, रंगीत ग्रिलवर घालवू नका. कर्ज मंजूर झालं तरी गरजेपुरतंच उचला. जेवढं उचलाल तेवढ्यावरच व्याज चढतं. पुढचा हप्ता हवा असेल तर काम पूर्ण व्हायच्या आठवडाभर आधीच बँकेत अर्ज द्या.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही कामाच्या टप्प्यांप्रमाणे, फोटो काढून झाल्यावर. त्या भरवशावर मोठं घर आखलं तर ते अर्ध्यावर राहतं. आधी योजनेत बसेल एवढं पक्कं घर, खोली पुढे वाढवता येते.

शहरात सदनिका घेणाऱ्या मैत्रिणींनाही हेच सूत्र उपयोगी आहे. तिथे बिल्डरच्या तिजोरीतला खडखडाट आपल्या अंगावर येतो. एका इमारतीचे पैसे दुसरीकडे वळवले की पहिली अर्धवट राहते. म्हणूनच २०१६ च्या रेरा कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक केलं. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

शनिवारची वही

एक शंभर पानी वही घ्या. चार रकाने आखा: आले, दिले, द्यायचे, यायचे. शेवटच्या दोन रकान्यांत तारीख हवीच. दर शनिवारी संध्याकाळी यजमानांसह अर्धा तास बसा आणि पुढच्या सहा आठवड्यांचं चित्र पाहा. तूट सहा आठवडे आधी दिसली तर उपाय सापडतो, आदल्या रात्री दिसली तर सावकार सापडतो.

मजुरी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्या पाकिटाला कशासाठीही हात लावू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी मिळाली नाही तर विटा वाहणाऱ्या बाईच्या घरी त्या आठवड्याचं तेल-मीठ येत नाही. आपलं घर तिच्या उपाशी चुलीवर उभं राहायला नको. आणि व्यवहाराच्या नजरेनं पाहिलं तरी, वेळेवर पैसे देणाऱ्या घरी मजूर हंगामातही येतात.

मिस्त्रीला उचल दिली तर तारखेसह लिहून सही घ्या, आणि पुढच्या मजुरीतून ती वळती करा. एकूण मजुरीतला थोडा हिस्सा, शेकडा पाच तरी, पहिला पाऊस जाईपर्यंत राखून ठेवायचं सुरुवातीलाच ठरवा. स्लॅब गळली तर तोच मिस्त्री शिडी घेऊन येईल.

शेवटी एक गोष्ट मात्र विसरू नका. एवढा हिशेब सांभाळलात, कदाचित दागिनेही दिलेत, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर यजमानांच्या बरोबरीनं तुमचंही नाव लावून घ्या. त्यात भांडणाचं काही नाही; घर दोघांचं आहे, कागदही दोघांचा असावा.

हे लक्षात ठेवा

• अंदाजावर शेकडा दहा जास्त धरा आणि ती रक्कम निराळी ठेवा.
• यायचा पैसा वहीत दोन महिने उशिराच्या तारखेला लिहा.
• थांबायच्या जागा दोन: जोतं झाल्यावर आणि स्लॅब झाल्यावर.
• स्लॅबचा पूर्ण पैसा हाती आल्यावरच सेंट्रिंग लावा.
• काम थांबवताना कॉलमच्या उघड्या सळयांवर सिमेंटचं पातळ पाणी फासा, गंज कमी चढतो.
• मजुरीचं पाकीट वेगळं ठेवा.
• मध्येच नकाशा बदलू नका. 'एवढी एक खिडकी वाढवू' म्हणण्याआधी वही उघडा.