ग्राफिक कार्ड त्याचं, ईएमआय आपला!

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा नग असतोच. लंचला डबा उघडायच्या आधी तो मोबाइल उघडतो आणि विचारतो, ‘काल रात्री स्ट्रीमवर काय राडा झाला, बघितलंस का?’ राडा कसला, तर गेम खेळता खेळता राजकारणावर बोलणाऱ्या एकाने तशाच दुसऱ्याला तीन तास झापलं! निवडणूक अमेरिकेतली, भांडण इंटरनेटवरचं आणि डोकं गरम आपलं. उरलेल्या वेळात हाच नग नव्या गेमिंग पीसीचं कॉन्फिगरेशन काढत बसलेला असतो. कुठून? त्याच स्ट्रीमखाली दिलेल्या यादीतून!

गेम आणि गप्पा

हे दोन शौक एकत्र आले कसे? ट्विच ही साइट २०११ मध्ये सुरू झाली ती लोकांचा गेम बघायला. २०१८ मध्ये तिथे ‘जस्ट चॅटिंग’ नावाचा वेगळा विभागच निघाला. गेम नाही खेळलात तरी चालेल, बोलत राहा! मग हसन पायकरसारखे लोक तासन् तास राजकारणावर बोलून स्टार झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ त्याच्यासोबत ‘अमंग अस’ खेळल्या, तेव्हा एका वेळी चार लाखांहून जास्त लोक बघत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एडिन रॉस या स्ट्रीमरला मुलाखत दिली आणि त्याने त्यांना थेट रोलेक्स आणि सायबरट्रक भेट दिला. आपल्याकडेही एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, पंतप्रधान मोदी गेमर्सना भेटले. त्यांत आपला मिथिलेश पाटणकरही होता.

आता गंमत बघा. एवढी गर्दी खेचणारा तो ‘अमंग अस’ साध्या मोबाइलवरही चालतो!

त्याचं ते दुकान आहे, राव

मग स्ट्रीमरला एवढं तगडं मशीन कशाला? कारण तो कामावर असतो. गेम, कॅमेरा, माइक, चॅट आणि हे सगळं त्याच क्षणी व्हिडिओ करून पाठवणं, तेही सात-आठ तास. पूर्वी अनेक जण त्यासाठी दोन कॉम्प्युटर ठेवायचे. आता ग्राफिक कार्डातच एन्कोडिंगची सोय असते, म्हणून बऱ्याच जणांचं एकावर भागतं. शिवाय अशा यादीतली लिंक अनेकदा कमिशनची असते. आपण काय करतो? जेवण झाल्यावर दोन तास खेळतो. त्याच्यासाठी ते मशीन म्हणजे दुकान. आपल्यासाठी? बारा महिन्यांचा ईएमआय.

माझा मावसभाऊ पुण्यात नोकरीला लागला आणि तिसऱ्या महिन्यात मला यादी पाठवली. सगळ्यात वर आरटीएक्स ५०९०. हे कार्ड पूर्ण जोरात ५७५ वॅट खातं, म्हणजे घरातला मिक्सर सलग चालू ठेवल्यासारखं! मी विचारलं, ‘मॉनिटर कोणता?’ तर घरातला जुना, चोवीस इंची, फुल एचडी. फुल एचडीत साधारण २१ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८३ लाख, म्हणजे चौपट. फोर-केसाठीचं कार्ड त्या मॉनिटरला लावणं म्हणजे सायकलला विमानाचं इंजिन. ‘ताई, फ्युचर-प्रूफ नको का?’ हे वाक्यही स्ट्रीमरचंच.

उधारीची वाक्यं

वाक्यांचंच तर सगळं झालंय. दुसऱ्याचा व्हिडिओ लावायचा, दर वीस सेकंदांनी थांबवायचा, हसायचं, शिव्या घालायच्या, मग समोरच्याने उलटा व्हिडिओ करायचा. यूट्यूबवर २०१७ पासून सुपर चॅट आहे. पैसे भरा, तुमची कमेंट ठळक दिसेल. म्हणजे भांडण लांबलं की गल्लाही वाढतो. ते दोघं भांडून कमावतात. आपण फुकट भांडतो, तेही घरच्यांशी.

माझ्या मावसभावाने ते करून दाखवलं. जेवताना काका काहीतरी बोलले, आणि याने त्यांना स्ट्रीमरच्या इंग्रजीत असं फाडलं की दोघांमध्ये पंधरा दिवस अबोला. मावशी मधल्या मध्ये निरोप्या! त्याच्या बोलण्यात एकही मुद्दा त्याचा स्वतःचा नव्हता, काकांना तेच जास्त लागलं.

अबोला सुटला तो कॉम्प्युटरमुळेच. मी यादी मोठ्याने वाचत होते आणि काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. ‘पण तू खेळणार काय आहेस, ते सांग ना.’ इतक्या व्हिडिओंत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता! उत्तर होतं, वॅलोरंट आणि फुटबॉल. वॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा कंपनीनेच १४४ एफपीएससाठी जीटीएक्स १०५० टीआय सुचवलं होतं. म्हणजे २०१६ चं कार्ड!

मग घ्यायचं काय?

आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड. फुल एचडीवर अशा खेळांना आरटीएक्स ५०६० च्या वर्गातलं कार्ड भरपूर झालं. नवे, जड गेम खेळायचे असतील तर मात्र आठऐवजी सोळा जीबीचं कार्ड बघा. एसएमपीएसमध्ये कंजुषी नको. तो गेला तर बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. एआयच्या डेटा सेंटर्समुळे २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हा गरजेपुरतीच घ्या, पण मदरबोर्डवर स्लॉट रिकामे ठेवा. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. वॉरंटीला अडलं की तो स्वस्तपणा महागात पडतो.

आणि मतांचं? तिथेही काकांचाच प्रश्न लावून बघा. हे भांडण माझ्या कामाचं आहे का? क्लिप फॉरवर्ड करण्याआधी मूळ बातमी वाचा, मूळ भाषण ऐका. मग काकांशी भांडायचंच असेल तर बिनधास्त भांडा, फक्त वाक्यं स्वतःची वापरा.

आमच्याकडे पीसी आला. घरात वाद अजूनही होतात, पण आता मराठीत होतात. आणि हो, बिल फाइलला लावलंय... काकांनी!