कमी खर्चाचा, कमी कष्टाचा फुलांचा वाफा

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की त्यांचा वेळ कसा जाईल, हा आपल्यापैकी बऱ्याच घरांतला प्रश्न. बागकामात मन रमते, पण गुडघे साथ देत नाहीत. म्हणून आमच्या न्यू जर्सीतल्या परसात मी उंच वाफा केला. त्याचा हिशेब इथे देत आहे.

आकार : रुंदी 4 फुटांहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. 8 फूट लांब, 4 फूट रुंद, 1 फूट उंच वाफ्याला 8 फुटी तीन फळ्या आणि 32 घनफूट माती लागते. वाकणे अजिबात जमत नसेल तर 4 फूट लांब-रुंद आणि 2 फूट उंच वाफा करावा. माती तेवढीच, फळी फक्त एक जास्त!

लाकूड : सीडर टिकाऊ. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत, त्यांत क्रिओसोट असते. 2004 पूर्वीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकते, तेही टाळावे.

माती : खरा खर्च इथेच. एकेक घनफुटाच्या 32 पिशव्या घेण्यापेक्षा सव्वा क्यूबिक यार्ड सुटी माती सहसा स्वस्त पडते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मागवल्यास पोचवण्याचा खर्चही वाटला जातो. काही टाउनशिप रहिवाशांना कंपोस्ट फुकट देतात, चौकशी करावी. तळाशी जाड पुठ्ठे अंथरले की खालचे गवत मरते आणि पुठ्ठे कुजून मातीत मिसळतात.

रोपे : दरवर्षी आपोआप फुटणारी निवडावीत. कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन, यारो, सेडम यांना ऊन हवे, पण एकदा रुजल्यावर पाणी कमी लागते. दीड फूट अंतर ठेवावे. मित्रांकडच्या जुन्या झुडपांचे गड्डे वसंतात विभागून घेतले तर रोपे फुकट! कडेला मेच्या मध्यानंतर झेंडूचे बी टाकावे. दसऱ्याचे तोरण घरचे होते.

निगा : वर 2-3 इंच मल्च पसरावा, पण खोडाला टेकू देऊ नये. तण कमी उगवते, ओल टिकते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावेच.

घर असोसिएशनच्या वसाहतीत असेल तर आधी परवानगी घ्यावी. फळ्या आणल्यावर नकार येण्यापेक्षा ते बरे.