नारळाचा हिशोब तोंडावर, वहीत मात्र भोपळा

अंगारकी चतुर्थीला आपल्या राजूरच्या गणपतीच्या पायथ्याशी एकदा निवांत फेरी मारून बघा. वर दर्शनाची रांग, जालन्याहून रात्रभर पायी चालत आलेली माणसे जागा मिळेल तिथे टेकलेली, आणि खाली नारळ-दूर्वांच्या दुकानांवर आईबापाच्या जोडीला दहा-बारा वर्षांची पोरंही बसलेली. समजा नारळ तीस रुपयांना आहे. सात घ्या आणि पाचशेची नोट पुढे करा. पोरगं तुमच्याकडे न बघता दोनशे नव्वद परत देईल. कागद नाही, पेन्सिल नाही. तेच पोरगं शाळेत पाचशे वजा दोनशे दहा अशी उभी मांडणी दिली की हातच्यात अडकते आणि वहीवर भोपळा घेऊन घरी येते.

मग घरात काय बोलले जाते, ते तुम्हांला मी सांगायला नको. "आपल्या खानदानात कुणाचं डोकं चाललं, म्हणून ह्याचं चालंल?" हा निकाल एकदा लागला की पुढे कपाशीची वेचणी आली, माणसे कमी पडली, की पहिले दप्तर खाली ठेवायला लागते ते ह्याच पोराला. माझे काम शेतीचे. पण बांधाबांधाने हिंडताना शाळेच्या वेळेत वावरात दिसणारी लेकरे नजरेआड करता येत नाहीत.

हे कोडे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तिथल्या तीन संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना त्यांच्याच गाड्यावर गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले. त्यात नारळाचेही हिशोब होते. शंभरातली ९८ उत्तरे बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ह्या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेच्या वर मुले तपासली. ते निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात छापून आले. बाजारातली मुले वहीत अडली, हे तर निघालेच. पण बाजारात काम न करणारी, वहीत हुशार ठरलेली शाळेची मुले बाजाराच्या हिशोबात अडली, हेही निघाले. म्हणजे दोष डोक्याचा नाही. घरची रीत एक आणि शाळेची रीत दुसरी; दोन्हींच्या मध्ये पूल कोणी बांधलेला नाही.

आता आपल्या आजोबांचे बघा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हे पाढे जुन्या माणसांना तोंडपाठ असत. सव्वा एकराला सव्वा पायली, दीड मणाला किती, हे बसल्या जागी सुटत असे. शाळेतून हे पाढे कधीच गेले आणि त्यांच्या जागी आलेला अपूर्णांक म्हणजे रेघेच्या वर एक आकडा नि खाली एक आकडा. नातवाला तो परका वाटतो. आजोबाला सव्वा कळतो, नातवाला पाच छेद चार कळत नाही, आणि दोघे एकाच ओट्यावर बसून एकमेकांना काही सांगत नाहीत.

आकड्यांची नावे हीसुद्धा रीतच. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आपण आधी तीन बोलतो, मग साठ; लिहिताना आधी सहा आणि मग तीन. लहान लेकरू ३६ लिहून बसले तर त्यात नवल काय? कानडी-तेलुगूत आधी दशक बोलतात, त्यामुळे तिकडे हा घोळ नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ उठला, थट्टाही झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्यांचा हेतू लेकराची ही अडचण कमी व्हावी असा होता. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ सोडवत नाही, पण थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीतल्या पोराला शंभरपर्यंत शिकवले असेल, हा प्रश्न मनात येतोच.

भाषेचेही तेच. घरी ‘वावर’, पुस्तकात ‘शेत’. घरी ‘माळवं’, पुस्तकात ‘भाजीपाला’. पोराने निबंधात ‘पानी’ लिहिले की लाल रेघ. प्रमाण भाषा शिकली पाहिजे, त्यात वाद नाही; बँकेचा अर्ज बोलीभाषेत निघत नाही. पण ‘असं नाही बोलायचं’ हे चारचौघांत चार वेळा ऐकले की पोरगं बोलणेच बंद करते. मराठवाड्याला तर ह्याचा जुना अनुभव आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला आधी परकी भाषा आणि मग विषय, असे दुहेरी ओझे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतर हे चित्र बदलत गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लागू दिला नव्हता, त्या घरांतली पोरं तिथून पदव्या घेऊन बाहेर पडली. ‘खानदानात डोकं नाही’ म्हणणाऱ्यांनी ही घरे आठवावीत.

आता वेचणीकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. खुरपणीला मजुरी रोजाने असते; लेकराला कोणी पूर्ण रोज देत नाही, म्हणून त्याला फारसे कोणी नेत नाही. कापूस वेचणी मात्र किलोवर. तिथे इवल्या हातानेही वजन वाढते. दसऱ्यापासून पुढे दोन-अडीच महिने हे चालते आणि नेमके ह्याच काळात शाळेत भागाकार, अपूर्णांक सुरू असतात. तो धागा तुटला की पुढचे वर्षभर पोरगं नुसते बसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल ह्याहून वाईट. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी. दिवाळीनंतर गेलेली ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येते. अशा लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिची चौकशी गाडी भरायच्या आधी करा, नंतर नव्हे.

मुलींबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत पाठीशी उभा राहतो. आठवी झाली की हायस्कूल दुसऱ्या गावाला, वाट लांबची, आणि घरात स्थळांची बोलणी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांत दर शंभरात सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ह्या पोरी गणितात कच्च्या होत्या म्हणून शाळेतून गेल्या काय? ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो सोय म्हणून चांगलाच. पण पास खिशात असूनही ‘लोक काय म्हणतील’ हे तिकीट बापाकडूनच फाडावे लागते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण शाळेत शिकवायच्या विषयांत त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञानही घालायला सांगितले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. दीडशे वर्षे होत आली, आणि आपल्या घरात पडलेले गणित आपण अजून पोराला दाखवत नाही.

युरियाची गोणी घ्या. वजन ४५ किलो, नत्र ४६ टक्के. मग गोणीत नत्र किती? २० किलो ७०० ग्रॅम. झाली शेकडेवारी. एकरात ४० गुंठे, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. कपाशी चार बाय दीड फुटावर लावली तर एकरी झाडे किती? सातवीच्या पोराला बांधावर उभे करून विचारा. तोंडी ७,२६० आले, की तेच वहीत मांडायला लावा. ही मांडणीच शाळेला हवी असते, आणि तोंडी हिशोबवाल्या आपल्या पोरांचे घोडे तिथेच अडते. घरी हरिपाठ म्हणणारे पोर असेल तर त्याला पोथी हातात देऊन ओळीवर बोट ठेवायला सांगा. पाठांतर ही आपली जुनी कमाई आहे, पण पाठ असणे म्हणजे वाचता येणे नव्हे. ‘असर’ पाहणीवाले २००५ पासून खेड्यांतल्या लेकरांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, आणि पाचवीतलीही पुष्कळ पोरं त्यात अडखळतात.

दुसरी गोष्ट शाळेच्या अंगणातली. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. म्हणजे बहुमत तुमचेच. बैठकीचा कागद सहीसाठी घरी आला, की सही करून मोकळे होऊ नका, जाऊन बसा. वेचणीच्या दोन महिन्यांत कोणती मुले गैरहजर राहतात त्याची यादी गुरुजींकडे मागा, आणि परत आल्यावर त्यांचा बुडालेला अपूर्णांक कोण, कोणत्या वेळी शिकवणार, हे त्याच बैठकीत लिहून घ्या.