बारा महिन्यांचे व्याज आणि आठ महिन्यांची कमाई

बोईसरनजीकच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. वैशाख असो वा आषाढ, त्यांची यंत्रे सारखीच फिरत असतात. तेथून फार दूर नव्हे, पालघरजवळ केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनालगत ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, त्यांचा जमाखर्च मात्र अगदी निराळा. नाताळ, मे महिन्याची सुट्टी आणि मधले शनिवार-रविवार एवढ्यांतच त्यांनी वर्षाचे उत्पन्न उरकावयाचे. पाऊस लागला की वर्दळ ओसरते. कर्जाचे व्याज तेवढे ओसरत नाही.

विश्रामस्थळाच्या मालकीची खरी अडचण ती हीच. आल्प्स पर्वतात, किंवा आपल्याकडे काश्मीरातील गुलमर्ग येथे, पायांस पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा जो स्कीचा खेळ चालतो, त्याच्या चालकांसही ती चुकलेली नाही. दोरवाटेचे खांब आणि पाळणे घेण्यास भांडवल लागते ते बारमाही. बर्फ पडते ते हिवाळ्यात. सह्याद्रीत बर्फ नाही, परंतु येथे पाऊस तेच काम उलट्या बाजूने करतो. महाराष्ट्रात या धंद्यातले एक मोठे धाडस ज्या घराण्याने केले ते आदमजी पीरभाई यांचे. आणि त्यांचे क्षेत्र होते माथेरान.

माथेरानचे पठार इंग्रजांच्या नजरेस आले ते १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे. पालघरकडचा मुलूखही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. पालघर जिल्हा स्वतंत्र झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. १८५६ साली नेरळपर्यंत आगगाडी आली आणि मुंबईच्या धनिकांस माथेरान जवळ झाले. तरी नेरळहून पुढचा चढ घोड्यावर, पालखीतून किंवा पायीच चढावा लागे.

आदमजी हे काठेवाडातील धोराजीचे दाऊदी बोहरा. लहानपणी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर काड्यांच्या पेट्या विकल्या, असे सांगतात. पुढे लष्करास तंबू पुरविण्याच्या मक्त्यात त्यांनी अमाप द्रव्य मिळविले, आणि धारावीला कातडी कमावण्याचा मोठा कारखाना चालविला. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले, १९०७ साली सर झाले. चर्नी रोड येथील आरोग्यधाम त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लष्करी मक्त्याचा पैसा लढाईच्या भरतीबरोबर येतो व ओहोटीबरोबर आटतो. अनियमित उत्पन्नावर निभावून नेण्याचा सराव या घराण्यास पूर्वीपासूनच होता असे म्हटले तर वावगे होणार नाही.

डोंगरावर रेल्वे नेण्याची कल्पना त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची, पैसा वडिलांचा. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे १६ लक्ष रुपये, त्या काळच्या मानाने छाती दडपविणारा. तो इतका का व्हावा, हे साध्या गणिताने कळते. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर, माथेरान सुमारे ८०० मीटर. दात्यांच्या रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर इंजिनाने चढावयाचे, तर २० मीटर लांबीत १ मीटरपेक्षा अधिक चढ देऊन चालत नाही. म्हणजे ७६० मीटर उंची गाठण्यास १५ किलोमीटर रूळ तर हवेतच; डोंगराची वळणे धरून ते सुमारे २० झाले. रूळही अवघे दोन फूट अंतराचे घातले, कारण रूळ जितके जवळ तितके वळण तीव्र घेता येते, आणि वळण तीव्र असले की कातळ कमी फोडावा लागतो. त्या वळणांवर चाके अडू नयेत म्हणून जर्मनीहून खास इंजिने मागविली. त्यांचे पुढचे-मागचे आस वळणाबरोबर बाजूस सरकू शकत. मार्गात बोगदा एकच. तो इतका आखूड की त्यास ‘वन किस टनेल’ असे विनोदी नाव पडले आहे.

आणि एवढे करून पावसाळ्यात गाडी बंद! माथेरानचा पाऊस सामान्य नव्हे. दरडी कोसळतात, रुळांखालची माती वाहून जाते. म्हणजे १६ लक्षांची मालमत्ता दरसाल सुमारे चार महिने निजून राहावयाची, आणि उठल्यावर प्रथम दुरुस्तीचा खर्च मागावयाची. प्रवासी मर्यादित, डबे चिमुकले, वेग बैलगाडीस हिणविण्याइतपतच. नुसत्या तिकिटांच्या उत्पन्नावर असल्या गाडीचे भांडवल लवकर फिटणे कठीणच. तिचा खरा लाभ वर डोंगरावर होतो: खाणावळी, बंगले, दुकाने, हमाल व घोडेवाले यांच्या पदरात तो पडतो. रुळांचा मालक मात्र त्यातला वाटा तिकिटावर वसूल करू शकत नाही. स्कीच्या धंद्यातील कित्येक मालक दोरवाटेबरोबर खानावळ व निवासही आपल्याच हाती ठेवतात, त्याचे कारण हेच. आदमजींच्या योजनेत रूळ एकाचे आणि गिऱ्हाईक सर्वांचे, अशी स्थिती होती.

आदमजी १९१३ साली वारले. गाडी त्यांच्या मागे टिकली आणि आज मध्य रेल्वेकडे आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तिचा मार्ग उखडला, तो २००७ साली पुन्हा चालू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद पडलेली नेरळपासूनची वाहतूक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जाऊ देत नाहीत, म्हणून तेथून आत घोडा व रिक्षा यांचे पोट अजून चालते. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असतो, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढ्या वरच्या तुकड्यावर गाडीच्या फेऱ्या होतात.